रंगाखालचा जोड



१ मे रोजी आपण कामगार संत जोसेफ ह्यांचा सण साजरा केला. पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. आपल्या देवळात त्या दिवशी मिस्सात अवजारे अर्पण करण्याची प्रथा आहे. कुणी करवत आणतो, कुणी थापी, कुणी शिवणयंत्राची कात्री. ह्या वर्षी एका तरुणाने वेदीपुढे काळ्या काचेचे वेल्डिंगचे हेल्मेट ठेवले. लहान मुले ते पाहून कुजबुजू लागली. आम्हाला मात्र ते पाहून गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी ह्या तरुणाने आम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर द्यायला आम्हाला वाटले त्यापेक्षा जास्त वेळ लागला. आज त्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. ही गोष्ट पापनिवेदनातील नाही. तेथे ऐकलेले आमच्या बरोबर मातीत जाईल. हे बोलणे ओटीवर चहा पिताना झाले आणि त्याच्या परवानगीनेच आम्ही ते इथे मांडत आहोत. त्याचे नाव व त्याच्या यार्डाचे नाव मात्र आम्ही लिहिणार नाही, आणि आपणही शोधू नये ही विनंती.

शिकाऊ हात

हा मुलगा आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करून बाहेर पडला आणि मुंबईजवळच्या एका फॅब्रिकेशन यार्डात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. तेथे खिडक्यांचे गज किंवा गेट बनत नाहीत. पुलाचे गर्डर, कारखान्यांचे खांब, क्रेनचे सांगाडे अशी अवजड कामे तेथे होतात. दोन बोटे जाडीच्या पोलादी प्लेटी एकमेकींना जोडायच्या. आपल्यातील पुष्कळांना वाटते की वेल्डिंग म्हणजे ठिणग्या उडवणे. आम्हालाही तसेच वाटत असे. त्याने आम्हाला जे सांगितले ते थोडक्यात असे.

पहिले काही आठवडे भंगार प्लेटीवर नुसत्या सरळ रेघा मारायच्या. रॉडचे टोक आणि प्लेट ह्यांतले अंतर सारखे ठेवायचे. अंतर वाढले की जोडात हवा शिरून बारीक भोके पडतात, कमी झाले की रॉड चिकटतो. हाताची चाल मंद झाली की धातूचा ढिगारा होतो, घाई झाली की धातू प्लेटीला धरत नाही. मग जाड प्लेटींच्या कडा तिरप्या करून त्यांच्या खाचेत थरावर थर भरायचा. सर्वांत खालचा थर म्हणजे रूट. त्यावर भरणीचे थर आणि सर्वांत वर झाकणारा थर, म्हणजे कॅपिंग. प्रत्येक थरानंतर वर जमलेला स्लॅग हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने घासून काढायचा. तो राहिला आणि पुढचा थर वर चढला, की तो कायमचा आत गाडला जातो. आधी प्लेट आडवी ठेवून शिकायचे, मग उभी, आणि शेवटी डोक्यावरची. तेव्हा वितळलेले थेंब बाहीत शिरतात, पण हात हलवायचा नसतो. पहिल्या महिन्यात काच खाली घ्यायला क्षणभर उशीर झाला आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे झाले. आई बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवून उशाशी बसून राहिली.

आणि रॉड. अशा कामाला लागणारे खास रॉड भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवावे लागतात. भट्टीतून काढले की ते छोट्या गरम डब्यात ठेवायचे आणि ठरलेल्या तासांत वापरायचे. कारण रॉडवरचा लेप हवेतला दमटपणा ओढतो. त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतून तडा पाडू शकतो. विशेष म्हणजे हा तडा लगेच येईलच असे नाही. काही तासांनी येतो, कधी एक-दोन दिवसांनी. म्हणून काही पोलादांच्या बाबतीत तपासणीही ४८ तास थांबून करतात.

त्याचा प्रश्न

जुलैचे दिवस होते. पाऊस कोसळत होता. सकाळी त्याच्या लक्षात आले की आपल्या डब्याची वायर आदल्या संध्याकाळीच निघाली होती. डबा थंड होता, रॉड रात्रभर त्यातच पडून होते. ओव्हन यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. उस्ताद ओरडत होते, क्रेन थांबली होती. त्याने ते रॉड वापरले. सात रॉड. रूटपासून दुसऱ्या थरापर्यंत. नंतर जेवणाच्या सुट्टीत त्याने नवे गरम रॉड आणले आणि वरचे थर भरले. वरचा थर असा सुरेख आला की उस्तादांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, “आज तुझा हात बसला.”

जोड बाहेरून पाहिला गेला आणि पास झाला. यंत्राने तपासायच्या जोडांची यादी ठरलेली होती, त्यात हा जोड नव्हता. चार दिवसांनी त्या भागाला रंग लागणार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. बराच वेळ पावसाकडे बघत बसला. मग म्हणाला, “फादर, मला कुणी विचारलेच नाही. मी खोटे काहीच बोललो नाही. तरी सांगायला हवं का?”

खरे सांगायचे तर आमच्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या आईचा. ती विधवा आहे. मुलाला काम लागावे म्हणून तिने वर्षभर खटपट केली, आणि शिफारसपत्र आम्हीच लिहून दिले होते. आता हा मुलगा स्वतःहून जाऊन चूक सांगणार, मग त्याला ठेवतील का? आणि पुढच्या मुलासाठी आमचे पत्र कोण वाचेल? ‘जाऊ दे, पुढे काळजी घे,’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. आम्ही ते बोललो नाही, ह्यात आमचे फारसे श्रेय नाही. त्याच्याकडे बघून ते बोलवले नाहीत, एवढेच. “उद्या सकाळी मिस्सानंतर ये,” असे सांगून आम्ही त्याला घरी पाठवले आणि रात्री सेमिनरीतली जुनी पुस्तके काढली.

अदृश्य करणारी अंगठी

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ह्या ग्रंथात दुसऱ्या भागात ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाकडे एक मेंढपाळ होता. भूकंपात जमीन दुभंगली तेव्हा त्याला एक अंगठी सापडली. तिचा खडा आतल्या बाजूला वळवला की तो कुणालाही दिसत नसे. त्या मेंढपाळाने राजाला मारले आणि राज्य बळकावले. ग्लॉकन विचारतो : अशी अंगठी मिळाली तर कोणता माणूस न्यायाने वागेल? आपण सारे पकडले जाऊ ह्या भीतीनेच चांगले वागतो, असे नाही का?

आपल्याला वाटते की अशा अंगठ्या गोष्टीतच असतात. पण आमच्या ओटीवर बसलेल्या मुलाच्या हातात ती होती. कॅपिंगचा तो सुरेख थर म्हणजेच ती अंगठी. आणि चार दिवसांनी तिच्यावर रंगही चढणार होता. खरे तर प्रत्येक धंद्यात ती असते. प्लास्टरच्या आतली वायर, लादीखालचा पाइप, शिवणीच्या आतली बाजू, न वाचता केलेली सही. आम्हा धर्मगुरूंकडेही ती आहे. लग्नापूर्वी वधूवरांशी नीट बोलल्याशिवाय भरलेला अर्ज बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो. आमच्याकडूनही असे झाले आहे. ते लिहायला आम्हाला आनंद होत नाही, पण दुसऱ्याच्या रॉडविषयी लिहिताना स्वतःचा डबा उघडून दाखवणे बरे.

चार सबबी

सकाळी तो आला तेव्हा आम्ही त्याच्याशी वाद घातला, आणि मुद्दाम त्याच्या गप्प राहण्याच्या बाजूने. ज्या सबबी मनात लपून बसतात त्या उजेडात आणलेल्या बऱ्या.

पहिली सबब : तपासणे हे इन्स्पेक्टरचे काम आहे. त्याने पास केले, आपण सुटलो. पण इन्स्पेक्टर फक्त काही जोडच यंत्राने तपासतो, तो कशाच्या भरवशावर? बाकीचे जोड ज्यांनी केले त्यांनी ते नियमाने केले असतील ह्या भरवशावर. म्हणजे तपासणी वेल्डरच्या प्रामाणिकपणाची जागा घेत नाही, ती त्याच्यावरच उभी असते. जुन्या काळी, १९४३ साली खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल बांधला तेव्हा पोलाद रिव्हेट ठोकून जोडले जाई. सैल रिव्हेट हातोडीच्या आवाजावरून ओळखता येत असे. वेल्डिंगचा आतला दोष मात्र डोळ्याला दिसत नाही आणि कानाला ऐकू येत नाही. तो एकालाच ठाऊक असतो.

दुसरी सबब : इंजिनिअर गरजेपेक्षा जास्त मजबुती धरूनच आराखडा करतात. एक जोड थोडा कमी पडला तर काय बिघडले? हे खरेच आहे, आराखड्यात अशी राखीव मजबुती असते. पण ती कुणाची? वादळाची, भूकंपाची, ज्याचा अंदाज कुणालाच नव्हता अशा ओझ्याची ती ठेव आहे. प्रत्येक कामगार तिच्यातून गुपचूप थोडे काढू लागला तर गरजेच्या दिवशी पेटी रिकामी निघेल.

तिसरी सबब : जोड अगदी मामुली आहे. इथे एक खरी घटना सांगितली पाहिजे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म वादळात उलटला. तेलविहिरींवरचे कामगार तिथे राहत असत. त्या संध्याकाळी २१२ माणसे त्यावर होती, त्यांपैकी १२३ मेली. प्लॅटफॉर्मच्या पाच पायांपैकी एक तुटून पडला होता. नॉर्वेच्या चौकशी आयोगाने मूळ शोधले ते एका आडव्या नळीवर. तिथे पाण्यातले आवाज टिपणारे एक छोटे उपकरण बसवण्यासाठी वेल्डिंग केले होते. ते वेल्डिंग प्लॅटफॉर्मचे वजन पेलणारे नव्हते. जाडी जेमतेम ६ मिलिमीटर. त्या जोडाच्या तड्यात आत रंग सापडला. म्हणजे रंग लावला त्या दिवशीच तडा तिथे होता. त्यावरूनच भेग हळूहळू मोठ्या नळीत सरकत गेली. ते वेल्डिंग करणाऱ्याला मामुलीच वाटले असेल.

चौथी सबब अधिक खरी आहे : मी सर्वांत खालचा. घाई उस्तादांची, ओव्हन लांब ठेवला मालकाने, आणि मार खायचा मी? ही सबब आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवे कोरे टँकर जहाज शांत पाण्यात मधोमध तडकले. युद्धकाळात अशी कित्येक वेल्डेड जहाजे तडकली. पहिले बोट वेल्डरांकडे दाखवले गेले. घाईघाईने भरती केलेल्या नवशिक्या स्त्रीपुरुषांवर ठपका ठेवणे सोपे होते. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीने दाखवून दिले की ते पोलादच थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. तेव्हा दोष नेहमी शेवटच्या हाताचाच असतो असे मानू नये. आपल्या धर्मग्रामात कंत्राटदार आहेत, सुपरवायझर आहेत, दुकाने व वर्कशॉप चालवणारे आहेत. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे : तुमच्या हाताखालच्या मुलाला खरे बोलणे परवडते का, हे एकदा तपासून पाहा. ज्या ठिकाणी चूक कबूल करणाऱ्याची नोकरी जाते आणि लपवणाऱ्याच्या पाठीवर थाप पडते, तिथल्या प्रत्येक लपलेल्या तड्यात मालकाचाही वाटा आहे.

पण म्हणून मुलाचा वाटा संपतो का? नाही. दुसऱ्याचे पाप आपल्या पापातून वजा करता येत नाही. त्या सात रॉडविषयी अख्ख्या जगात फक्त त्यालाच माहीत होते. जे एकालाच माहीत असते, ते सांगण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकायची?

चूक आणि पाप

इथे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने केलेला एक भेद आम्हाला उपयोगी पडला. ते म्हणतात की कारागिरीत जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा वरचा मानावा. गवयाने मुद्दाम बेसूर गाऊन दाखवले तर त्याची कला कमी होत नाही. पण सदाचारात नेमके उलट आहे. तिथे नकळत चुकणाऱ्याला क्षमा आहे, जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी.

शिकाऊ उमेदवार चुकणारच. त्यासाठीच तो शिकाऊ असतो. अंतर चुकले, चाल बिघडली, भोके पडली, ह्या हाताच्या चुका आहेत. त्या भंगार प्लेटीवर सोडून देता येतात. पण रॉड थंड आहेत हे कळल्यानंतर काय करायचे, हा हाताचा प्रश्न राहत नाही. आणि तेव्हा घाईत जे झाले ते झाले, पण आता दोन रात्री विचार करून गप्प राहणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे, ह्या वेळी पूर्ण शुद्धीत.

ॲरिस्टॉटलनेच नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात सांगितले आहे की माणूस घरे बांधूनच गवंडी होतो आणि न्यायाने वागूनच न्यायी होतो. हे वाक्य आपण प्रवचनात पुष्कळदा वापरतो. पण त्याचा पुढचा अर्धा भाग विसरतो : चांगला गवंडी आणि वाईट गवंडी, दोघेही बांधूनच तयार होतात. सराव आपोआप माणसाला सुधारत नाही, वाईट गोष्टीचाही हात बसतो. पहिल्यांदा गप्प राहताना झोप लागत नाही, दहाव्यांदा लागते. “आज तुझा हात बसला,” ह्या शब्दांनीच तो मुलगा सर्वांत अस्वस्थ झाला होता. नेमका कशाचा हात बसला, हे त्याला कळत होते.

पुढे काय झाले

“काय करायचे ते तू ठरव,” आम्ही म्हणालो. “सांगितलेस तर त्रास होईल. काम गेले तर तुझ्या आईला तोंड द्यायला आम्ही तुझ्याबरोबर येऊ.” तो हसला आणि सात बावीसची गाडी पकडायला धावला.

त्याने त्याच दिवशी सांगितले. उस्ताद काहीच बोलले नाहीत, सुपरवायझर मात्र पुष्कळ बोलले. काम थांबले. मशीन आणून जोडाची आतून तपासणी केली. आणि बंधुभगिनींनो, जोडात काहीच सापडले नाही. एकही तडा नाही. दुसऱ्या दिवशी त्या भागाला रंग लागला.

यार्डातली मुले आता त्याला ‘हरिश्चंद्र’ म्हणतात. त्याला ज्या टेस्टला बसवायचे ठरले होते ती सहा महिने पुढे ढकलली. नोकरी राहिली. उस्तादांनी आठवडाभराने एवढेच सांगितले, “उद्यापासून सगळ्यांचे रॉड ओव्हनमधून तूच आणायचे.” ही शिक्षा होती की विश्वास, हे त्याला अजून कळलेले नाही. आम्हालाही नाही.

मग त्याचे सांगणे फुकट गेले का? त्याने आम्हाला हे विचारले तेव्हा त्याच्या आवाजात थोडी कडवटपणाची झाक होती, आणि ती आम्हाला समजू शकते. तडा सापडला असता तर निदान तो बरोबर ठरला असता. पण नीट विचार करू या. गप्प राहताना त्याला जोड चांगला आहे हे ठाऊक नव्हते. जोड चांगला निघणे हे नशीब होते. त्याच्या हातात होती ती एकच गोष्ट : ज्यांना तो कधी भेटणार नाही अशा माणसांच्या जिवावर आपण नशीब आजमावायचे की नाही. त्या गर्डरवरून जाणाऱ्या कुणालाही त्याचे नाव कळणार नाही. त्यांनी काही मागितले नव्हते, आणि जे त्यांचे होते ते त्याने त्यांना दिले. ह्यालाच आम्ही न्याय म्हणतो. तो तड्यावर अवलंबून नसतो.

शेवटी एक गोष्ट त्या जहाजांविषयीच. रिव्हेटच्या जहाजात भेग बहुधा एका प्लेटीच्या कडेला येऊन थांबत असे, कारण पुढची प्लेट वेगळी होती. वेल्डिंगने सगळ्या प्लेटी एक झाल्या, तेव्हा भेगही अडल्याशिवाय पुढे धावू लागली. एकत्र जोडले जाण्याची ही किंमत आहे. संत पौलाने करिंथकरांना एका शरीराच्या अवयवांविषयी लिहिले ते आपण देवळात वाचतो आणि ऐकतो. कुटुंबात, गावात, धर्मग्रामात आपण असेच जोडलेले आहोत. त्यामुळे इथे कुणाचाच दोष त्याच्या एकट्याचा राहत नाही, आणि कुणाचा प्रामाणिकपणाही.

ह्या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपल्या कामातला एक असा जोड आठवावा जो फक्त आपल्यालाच माहीत आहे. त्याला रंग लागण्यापूर्वी काय करता येईल, ते पाहावे. आम्हीही पाहणार आहोत. लग्नाच्या अर्जांची फाइल आम्ही टेबलावर काढून ठेवली आहे.

आपल्या सर्वांच्या हातांना आणि कामाला प्रभूचा आशीर्वाद लाभो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू